तांबूचे साठ भारे

डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल. समज, तू दहा वर्षांची आहेस. पाय अनवाणी आहेत, हातात लहानसा विळा आहे आणि समोर तुमच्या घराहून उंच अशी वाळल्या पाल्याची रास उभी आहे. ती तुझ्या बापानं रचली, तुझ्या आईनं डोक्यावरून भारे वाहिले आणि तू वर चढून पाला तुडवलास. आज तिच्यातला पहिला भारा काढायचा आहे, कारण मागं गोठ्यात तुमची गाय भुकेली उभी आहे. तू कोपरापर्यंत हात आत घालतेस. आणि आत काहीतरी ऊबदार हलतं.

घाबरलीस ना? विद्यावतीही घाबरली. पण त्या राशीत काय होतं ते सांगण्याआधी ती रास तिथं का आली, हे तुला सांगायला हवं.

ही गोष्ट मॉरिशस बेटावरची, १९६० सालची. बेटाच्या दक्षिणेला शमें ग्रेनिए नावाचं गाव आहे. गावाच्या एका बाजूला डोंगराचा उतार, दुसऱ्या बाजूला दूरवर समुद्र, आणि मधे जिकडं पाहावं तिकडं ऊस. फार वर्षांपूर्वी कोकणातून काही कुटुंबं जहाजानं या बेटावर ऊस तोडायला आली आणि इथंच राहिली. बाबूराव त्यांच्यातल्याच एकाचा नातू. तो ऊसतोडीला जाई. त्याची बायको अनुसया गाय सांभाळी आणि त्यांची एकुलती मुलगी विद्यावती सकाळी शाळेत, दुपारी गवताला आणि सांजेला मराठी अक्षरं शिकायला बैठकीत जाई. बैठक म्हणजे गावाची एक खोली. मुलांची शाळा तिथंच, भजन तिथंच आणि गणपतीही तिथंच.

गायीचं नाव तांबू. पण तांबू पुरती त्यांची नव्हती. त्या गावात एक रीत होती. ज्याच्याकडं कालवड विकत घ्यायला पैसे आहेत पण गवत कापायला हात नाहीत, त्यानं ती ज्याच्याकडं हात आहेत त्याला पोसायला द्यायची. दूध पोसणाऱ्याचं. पहिलं वासरू मालकाचं, दुसरं पोसणाऱ्याचं, आणि गाय दोघांची निम्मी निम्मी. तांबू अशीच जमुना मावशीनं अनुसयेला दिली होती. जमुना मावशी एकटी बाई, गुडघे दुखणारी, बोलायला कडक, पण व्यवहाराला सरळ. तांबूचं पहिलं वासरू ठरल्याप्रमाणं तिच्या दारात गेलं. त्या दिवशी विद्यावती खूप रडली होती. तेव्हा आई तिला म्हणाली होती की पुढचं आपलं, आणि त्याला कोणी दोर लावणार नाही.

ते पुढचं वासरू आता तांबूच्या पोटात होतं. जानेवारीच्या मध्याला ती विणार होती. चार वर्षं आईनं रोज डोक्यावरून आणलेलं गवत, विद्यावतीच्या हातांवरचे पातीचे चरे, हे सगळं त्या एका वासरासाठी होतं.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता कारोल वादळ आलं. त्यानं घरांची छपरं उचलून उसात नेऊन टाकली आणि ऊस जमिनीला झोपवला. गावकरी महिनाभर नुसते लाकूड आणि पत्रे गोळा करत होते. मोडक्या घरांतून जेवढं लाकूड निघालं, तेवढं नव्या झोपड्यांत गेलं. चांगली फळी गावात कुणाकडं उरली नाही. वाकडेतिकडे पत्र्याचे तुकडे मात्र अंगणाअंगणात पडून राहिले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे. ऊस तोडताना त्याच्या शेंड्याकडचा हिरवा पाला कापून टाकतात. त्याला वाढे म्हणतात, आणि गायीला ते फार आवडतात. जूनपासून डिसेंबरपर्यंत तोड चालते, म्हणून तेवढे महिने वाढ्यांना तोटा नसतो. मग पाऊस येतो आणि गवत वाढतं. असं वर्षाचं चाक फिरतं. पण वादळानं पीक निम्म्यावर आणलं होतं. निम्मा ऊस म्हणजे तोडही लवकर संपणार. बाबूरावानं जुलैतच हिशेब केला. तोड संपेल नोव्हेंबरात, पाऊस येईल जानेवारीत. मधल्या आठ आठवड्यांत तांबू खाणार काय?

याचं उत्तर त्याला देवराज आजाच्या गोष्टीत सापडलं.

देवराज आजा बैठकीत मुलांना शिकवी. वय सत्तरीचं, पाठ वाकलेली, आवाज मात्र गोड. अक्षरं गिरवून झाली की तो एकच गोष्ट सांगे, आणि मुलं ती पुन्हा पुन्हा मागत. त्याच्या बापाच्या गावात, तिकडं कोकणात, भात झोडून झालं की पेंढा वाळवायचे आणि घरामागं त्याची उडवी रचायचे. माणसाहून उंच, वर गवताची टोपी. पाऊस आत शिरत नाही. गुरं पुढच्या पावसापर्यंत खातात. दुपारी उडवीखाली मांजर निजतं आणि त्याची पिल्लं खेळतात, या बाजूनं शिरतात आणि त्या बाजूनं निघतात. मुलांना ती पिल्लं सगळ्यांत आवडत. आजा दोन बोटांनी पिल्लू पळवून दाखवी आणि मुलं हसत.

मॉरिशसला गवत वाळवून ठेवायची पद्धत नव्हती. रोजचं रोज कापायचं, रोजचं रोज घालायचं. बाबूरावानं उडवी रचायला घेतली तेव्हा गाव बघायला आलं. शेजारचा गोवर्धन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाबूराव, घर तर झकास बांधलंस. भाडेकरू कोण ठेवणार?" सगळे हसले, बाबूरावही हसला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. अनुसया तोडीच्या शेतातून वाढे आणी, विद्यावती ते अंगणात उन्हात पसरी, वाळले की भारा बांधी. एक वाळला भारा म्हणजे तांबूचा एक दिवस. असे साठ भारे झाले. आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस, आणि वर चार. बाबूरावानं जमीन साफ करून, चोपून, तिच्यावर ते रचले आणि वर फताक गवताची टोपी घातली. फताक म्हणजे तिथलं उंच गवत. ते गुरं खातात आणि माणसं त्याचे झाडू बांधतात.

रचणं चालू असतानाच गणपती बसले, नाचगाणी झाली, गणपती गेले. त्या दिवसांत विद्यावतीला उडवीच्या बुडाशी एक भोक दिसलं. नाण्याएवढं, कडेनं गुळगुळीत. आत दोन डोळे चमकले. तिला वाटलं, गणपतीचा उंदीर मागं राहिला. हातातल्या मोदकाचा तुकडा तिनं भोकाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. ही गंमत तिनं कुणाला सांगितली नाही.

नोव्हेंबर अर्धा झाला आणि जवळच्या शेतांतली तोड संपली. एका शनिवारी सकाळी बाबूरावानं मुलीला पहिला भारा काढायला सांगितलं. आणि मग जे झालं ते तुला मघाशीच कळलं.

विद्यावतीनं किंचाळून हात काढला. बापानं भारा ओढला. त्याच्या मागून काळपट उंदरांची एक ओळच्या ओळ धावत बाहेर पडली. दुसरा भारा ओढला तर तो हातात सुटला. बांधणीच्या दोऱ्या कुरतडलेल्या होत्या. आत वाटा होत्या, खोल्या होत्या, बारीक फाडलेल्या पाल्याच्या गाद्या होत्या आणि गाद्यांवर गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं होती. सगळ्यात मोठा होता तो वास. आंबट, तीव्र, डोळ्यांत पाणी आणणारा.

अनुसयेनं त्यातल्या त्यात बरा पाला निवडून तांबूपुढं टाकला. तांबूनं नाक लावलं, फुरफुर केली आणि मान फिरवली. दोन दिवस कमी चारा मिळालेली गाय, आणि तिनं मान फिरवली.

संध्याकाळपर्यंत तिघांनी अख्खी उडवी उपसली. वरच्या थरातले नऊ भारे चांगले निघाले. बाकी एक्कावन्न गेले. आता तू म्हणशील, एवढं सगळं उंदरांनी खाल्लं? नाही. उंदराचं पोट केवढं? खाल्ले असतील फार तर पाच-सहा भारे. पण उंदीर खातो मूठभर आणि नासवतो पाटीभर. ज्यावर तो मुतला, त्याला गाय तोंड लावत नाही. गायीचे पंचेचाळीस दिवस कुणाच्याच पोटात गेले नाहीत. ते नुसते फुकट गेले.

आणि एवढे उंदीर आले कुठून? उसातून. वादळानं झोपवलेल्या उसात ते सुखानं वाढले, आणि तोड झाली तसं त्यांचं घर मोडलं. एकेक शेत मोकळं होत गेलं आणि ते गावाकडं सरकत आले. तिथं त्यांना साठ भाऱ्यांचं तयार घर मिळालं. गोवर्धन येऊन बघून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. अनुसया आणि विद्यावती पहाटे उठून नदीकाठी फताक कापायला गेल्या, तर तिथंही तेच. कोवळ्या कोंबांचे गोड बुंधे कुरतडलेले होते आणि वरची पाती सुकून आडवी पडली होती. गाय खाते ते पातं वरून खाते, खालून पुन्हा फुटतं. उंदीर बुंधाच खातो, मग फुटायला काही उरत नाही. गावातल्या आणखी सात-आठ बाया त्याच काठावर विळे घेऊन फिरत होत्या. पूर्वी त्या एकमेकींना हाका मारत, आता एकमेकींच्या पाट्यांकडं बघत. दोन तासांत दोघींचं मिळून एक कवळा गवत झालं.

बाबूरावानं पिंजरा लावला. चार दिवसांत अकरा उंदीर सापडले आणि पाचव्या दिवशी अंगणात तितकेच दिसले. एकदा पिंजरा उघडताना एक उंदीर निसटला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढायला गेला. भिंत पत्र्याची होती. त्याची नखं खरखरली, तो घसरून खाली पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. विद्यावती हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघत राहिली.

नऊ भारे जपून वापरायचे म्हणून तांबूला अर्धा अर्धा भारा मिळू लागला. अनुसयेनं मग वाईट झालेला पाला नदीवर नेला, दगडावर आपटून तीनदा धुतला आणि वाळवून तांबूपुढं ठेवला. भुकेनं तांबूनं त्यातला थोडा खाल्ला. घरात जरा आशा आली. पण त्याच आठवड्यात गुरांचा सरकारी डॉक्टर गावात आला. त्यानं पाला हुंगला आणि सांगितलं की हा अजिबात घालू नका. उंदराच्या मुतातून गायीला ताप येतो आणि पोटातलं वासरू पडतं. धुवून भागत नाही. अनुसयेनं त्याच्यादेखत तो पाला पेटवला. आग मोठी झाली, धूर गोठ्याकडं गेला, तांबू खोकली. अनुसया आगीकडं पाठ करून उभी होती.

तांबूच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. बुधवारी जमुना मावशी आली. ती गोठ्यात गेली, तांबूच्या पाठीवरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग बाहेर येऊन अनुसयेला म्हणाली, "अर्धी गाय माझी आहे. मेली तर माझी अर्धी पण मरल. उभी आहे तोवर लॉरीत चढल, एकदा बसली की फुकट पण कुणी न्यायचं नाही."

"आणि पोटातलं?" अनुसयेनं विचारलं.

"पोटातलं कोण मोजतो?"

लॉरी म्हणजे गुरं विकत घेऊन शहराकडं नेणाऱ्या माणसाची लॉरी. तिथं ती कशासाठी जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलून दाखवलं नाही. शनिवारी दुपारी लॉरी येईल, असं सांगून जमुना मावशी निघाली. जाताना ती कुंपणाशी थांबली आणि पदरानं डोळे पुसून चालू लागली. अनुसयेनं ते पाहिलं नाही. विद्यावतीनं पाहिलं.

विद्यावतीला तो मोदकाचा तुकडा सारखा आठवे. तिला वाटे, मी बोलावलं म्हणून ते आले. गुरुवारी बैठक सुटल्यावर ती मागं राहिली. देवराज आजा पाट्या गोळा करत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, भोक, डोळे, मोदक. आजानं हातातल्या पाट्या खाली ठेवल्या.

"एका मोदकावर एवढी उंदरं होत नाहीत, बाय," तो म्हणाला. "त्यांना घर पाहिजे होतं. ते मिळालं."

विद्यावतीनं विचारलं, "आजा, तिकडच्या उडवीत उंदीर नव्हते?"

"असतील की. उंदीर कुठं नसतो?" आजा म्हणाला आणि सवयीनं गोष्टीत शिरला. "पण मांजर होतं ना. दुपारी उडवीखाली निजायचं. त्याची पिल्लं या बाजूनं शिरायची नि..."

त्याची दोन बोटं हवेत पळत होती. विद्यावतीनं ती पकडली.

"आमच्या उडवीखालनं पिल्लू कसं जाईल, आजा? ती तर भुईवर आहे."

आजाची बोटं तिच्या मुठीत तशीच राहिली. मग तो बोलला, आणि आवाज गोष्टीतला नव्हता.

"पाय असणार तिला. माचासारखे. खालनं मोकळी असणार." त्यानं खाली पाहिलं. "मी बघितली नाही गं कधी. मी इथंच कांपात, ऊसमजुरांच्या वस्तीत जन्मलो. बापानं सांगितलं तेच सांगतो. त्यानं पाय सांगितले नाहीत. त्याला वाटलं असणार, उडवीला पाय असतात हे काय सांगायचं."

मी पुष्कळ मुलं शिकवली आहेत, आणि माझा अनुभव असा की जे सगळ्यांना ठाऊक असतं, तेच सांगायचं राहून जातं. देवराज आजानं ती गोष्ट चाळीस वर्षं सांगितली. शेकडो मुलांनी ऐकली. बाबूरावानंही लहानपणी ऐकली होती. मांजराची पिल्लं सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण ती जातात कशाखालून हे कुणी विचारलं नाही.

विद्यावती धावत घरी गेली. बाबूराव उंबऱ्यावर बसला होता. तिनं धापा टाकत सांगितलं की उडवीला पाय लागतात, आपल्या उडवीला नव्हते म्हणून उंदीर खालून घुसले. बाबूरावानं ऐकून घेतलं. मुलीवर तो कधी ओरडत नसे, तेव्हाही ओरडला नाही. तो म्हणाला की पाय कुठनं आणू, गावात लाकूड उरलंय का? आणि त्या पायांवर ठेवू काय? डोंगराच्या उतारावरचं एकच शेत तोडायचं राहिलं होतं. शनिवारी ते तुटेल आणि हंगाम संपेल. त्याचे वाढे मिळतील खरे, तोडणाऱ्यांना ते नेऊ देतात. पण एका दिवसात आणणार किती, सुकवणार कधी आणि ठेवणार कुठं?

"परत उंदरांसाठी रचायची नाही मला," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी तीन महिने राबलो, तेवढं पुरे."

विद्यावती म्हणाली, "पण बा, पत्र्यावर ते घसरतात."

त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो हात धुवायला उठून गेला.

शुक्रवारी चांगल्या भाऱ्यांतला शेवटचा अर्धा भारा उरला. तांबू रिकाम्या गव्हाणीत नाक घालून उभी राही, मग विद्यावतीचा हात चाटी. जीभ खरखरीत आणि कोरडी होती.

शनिवार उजाडला. बाबूराव अंधारातच उतारावरच्या शेतात तोडीला गेला. अनुसया नदीकाठी गेली, गवत मिळेल म्हणून नाही, लॉरी यायच्या वेळी घरी असायला नको म्हणून. घरात विद्यावती एकटी होती.

ती आत गेली. घरात एकच खाट होती. जाड लाकडाची, चार पायांची, वर फळ्या ठोकलेली. वादळात छप्पर गेलं, भांडी गेली, पण ती खाट जड म्हणून जागच्या जागी राहिली होती. तिच्यावर आई आणि विद्यावती निजत, बाप खाली चटईवर. विद्यावतीनं अंथरूण गुंडाळून चटईवर ठेवलं. मग खाट ओढायला सुरुवात केली. ती दारातून निघेना. तिनं ती कडेवर उभी केली, खांदा लावला, आणि एकेक पाय बाहेर काढला.

अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून दूर, तिनं चार मोठे काळे दगड लोटत आणले. बेटावर दगडांना तोटा नाही, प्रत्येक शेताच्या कडेला त्यांचे ढीग असतात. मग कारोलनं फाडलेले पत्र्याचे तुकडे आणले, खाटेच्या प्रत्येक पायाभोवती एकेक गुंडाळला आणि तारेनं आवळला. पत्र्यानं तिचं बोट कापलं. तिनं ते तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं तार पिळली.

खाट दगडांवर चढवायची तेवढी राहिली. एक बाजू उचलली की दुसरी घसरे. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा कुंपणाशी जमुना मावशी उभी होती. हातात नवा दोर होता.

"काय चाललंय हे?" मावशीनं विचारलं.

"उडवीला पाय," विद्यावती म्हणाली. "आमच्या उडवीला नव्हते."

मावशी जवळ आली. तिनं पत्र्याचे पाय पाहिले, एकावरून हात फिरवला, दगड पाहिले. मग तिनं खाटेची लांबी नजरेनं मोजली. माणसाएवढी लांब, दोन माणसांएवढी रुंद, आणि वर रास माणसाहून उंच रचली तर चाळीसेक भारे सहज बसतील. तांबूला विण्यापर्यंत अजून सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस काढायचे होते. दोन भारे कमी पडत होते. आणि हातात अजून एकही नव्हता.

"आणि तू निजणार कुठं?"

"तांबूजवळ."

विद्यावतीनं खाटेचं एक टोक धरलं आणि वर पाहिलं. "मावशी, ते टोक धरता? माझ्यानं एकटीनं होत नाही."

जमुना मावशीच्या गुडघ्यांत कळ होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं दोर खाली ठेवला. दोघींनी मिळून एक बाजू उचलून दगडांवर टेकवली, मग दुसरी. खाट विद्यावतीच्या छातीइतकी उंच झाली. मावशीनं तिला हात लावून हलवून पाहिलं. हलली नाही.

रस्त्याच्या वळणावर लॉरीचा भोंगा वाजला. मावशी तिथल्याच एका दगडावर बसली आणि तिनं तो नवा दोर उचलून मांडीवर घेतला. तो ती सोडत होती की गुंडाळत होती, ते कळत नव्हतं. गोठ्यातून तांबू हंबरली.

विद्यावतीनं गोठ्यात जाऊन उरलेला अर्धा भारा उचलला. तो तिनं तांबूपुढं टाकला नाही. त्यातली एक मूठ तेवढी तांबूला भरवली आणि बाकीचा खाटेवर, बरोबर मधोमध, नीट पसरून ठेवला. मग तिनं भाऱ्याचा जुना दोर कमरेला बांधला, विळा घेतला आणि लॉरीकडं न बघता, उसाच्या शेवटच्या शेताकडं, उतारानं वर धावत सुटली.